काटा चालू, पावती बंद : एका जिनिंगमधल्या सर्व्हर अपग्रेडचं प्रकरण

धरणगाव परिसरातली एक जिनिंग-प्रेसिंग. मालकांनी हे प्रकरण लिहायला परवानगी दिली ती नाव न टाकण्याच्या अटीवर, त्यामुळे नाव नाही. ऑफिसच्या मागच्या खोलीत एक टॉवर सर्व्हर आहे. त्यावर डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्सवर केव्हीएम (एका यंत्रात अनेक यंत्रं चालवणारी सोय) आणि केव्हीएमवर तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभी केलेली यंत्रं. एकात विंडोज सर्व्हर, त्यावर हिशेब आणि वजनकाट्याचा डेटाबेस. दुसरं लिनक्सचं, फाइली आणि बॅकअपसाठी. तिसऱ्यावर हजेरी आणि आवारातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. खान्देशातल्या मध्यम कारखान्यांत आता ही मांडणी नवी राहिलेली नाही. तीन वेगळी यंत्रं घेण्यापेक्षा एकच दणकट यंत्र घेतात आणि त्याच्या पोटात तिन्ही बसवतात.

काट्याचं काम कसं चालतं ते आधी सांगतो, कारण नुकसान तिथे झालं. कापसाची ट्रॉली काट्यावर चढली की खालच्या लोडसेलचा (वजन टिपणाऱ्या सेन्सरचा) संदेश केबिनमधल्या इंडिकेटरवर आकड्याच्या रूपात दिसतो. इंडिकेटरपासून सिरियल केबल केबिनच्या कॉम्प्युटरला जाते. तो कॉम्प्युटर भरलेल्या गाडीचं वजन सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये टाकतो. गाडी आत रिकामी होते, परत काट्यावर येते, रिकाम्या गाडीचं वजन होतं, आणि दोन्हींची वजाबाकी होऊन पावती निघते. म्हणजे काटा आणि आकडा नेटवर्कशिवाय चालतात, पावती मात्र चालत नाही.

दिवाळी पाडव्यानंतर खरेदीने जोर धरला होता. एका रात्री सर्व्हर डेबियन १२ वरून १३ वर नेला गेला. हे काम तिथली देखभाल पाहणाऱ्या तरुणाने केलं. पोरगा हुशार आहे, कॅमेऱ्यांपासून प्रिंटरपर्यंत सगळं एकटा सांभाळतो. अपग्रेड एकही चूक न दाखवता पार पडलं. रीबूट केल्यावर स्क्रीनवर लॉगिनची ओळ आली, तिन्ही व्हर्च्युअल मशीन ‘रनिंग’ दिसली, तो घरी गेला. सकाळी काटेवाल्याचा फोन आला: “भाऊ, काटा चालू शे, पन पावती निंघत नही.”

गेटबाहेर ट्रॉल्यांची रांग लागली तेव्हा दिवाणजींनी वही काढली आणि हाताने वजनं लिहायला सुरुवात केली. खरेदी त्यामुळे थांबली नाही. पण आदल्या संध्याकाळी आत आलेल्या आणि रात्रभर आवारात उभ्या राहिलेल्या गाड्यांची भरलेली वजनं डेटाबेसमध्ये होती आणि डेटाबेस हाती लागत नव्हता. त्या शेतकऱ्यांना थांबावं लागलं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. ट्रॉलीच्या वजनात एका क्विंटलचीही गफलत कुणी मान्य करणार नाही, आणि करूही नये.

मला फोन आला तोवर बरेच उद्योग होऊन गेले होते. ते ज्या क्रमाने झाले त्या क्रमानेच सांगतो, कारण माझ्या मते या प्रकरणातला खरा धडा बिघाडात कमी आणि दुरुस्तीत जास्त आहे.

पोराने पहिल्यांदा स्विचकडे पाहिलं. सर्व्हरच्या पोर्टवरचा दिवा बंद. साहजिकच त्याने केबल बदलली, मग स्विचचं पोर्ट बदललं. दिवा बंदच. मग मुनिमांच्या टेबलावरचा मॉनिटर उचलून सर्व्हरला लावला (सर्व्हरला स्वतःचा मॉनिटर नव्हता, रोजचं काम नेटवर्कवरून होत असे) आणि आत शिरला. सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता जागच्या जागी होता. सर्व्हरवरून तिन्ही व्हर्च्युअल मशीनला पिंग केलं (नेटवर्कवरून हाक मारून पाहिली), तिन्हींनी उत्तर दिलं. राउटरला केलं, उत्तर नाही. इथे त्याचा तर्क घसरला. सर्व्हर आणि मशीन एकमेकांशी बोलतात, म्हणजे सर्व्हर ठीक, असं त्याने धरलं. उरलं विंडोजचं मशीन, कारण तक्रार तिथलीच होती. त्याने व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन विंडोजचं व्हर्टिओ जातीचं (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेलं) नेटवर्क कार्ड काढून टाकलं आणि त्या जागी इंटेलच्या ई१०००ई जातीचं लावलं. जुनं कार्ड नव्या क्यूएमूला (व्हर्च्युअल मशीनचं हार्डवेअर उभं करणाऱ्या प्रोग्रॅमला) पटत नसेल, असा त्याचा अंदाज.

अंदाज अगदीच हवेतला नव्हता. डेबियन १२ मध्ये क्यूएमू ७.२ होतं, १३ मध्ये १०.० आहे, उडी मोठी आहे. पण याच भीतीपोटी लिबव्हर्टने (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने) एक सोय करून ठेवलेली असते. व्हर्च्युअल मशीन पहिल्यांदा बनवताना त्याच्या सेटिंगच्या एक्सएमएल फाइलमध्ये मशीनचा प्रकार आवृत्तीसकट लिहिला जातो. क्यूएमू पुढे कितीही बदललं तरी त्या मशीनला जुन्याच आवृत्तीचं हार्डवेअर दाखवलं जातं. फाइल उघडून तेवढी एक ओळ वाचली असती तर क्यूएमूवरचा संशय तिथेच फिटला असता.

मी फोनवरून व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि कॅमेरा मॉनिटरवर धरायला सांगितला. आधी विंडोजचा पत्ता विचारला. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला. या मशीनचा पत्ता कायमचा हाताने दिलेला होता, हे मला माहीत होतं. १६९.२५४ चा पत्ता विंडोज स्वतःच घेतं, आणि तेही सहसा डीएचसीपीकडून (नेटवर्कवर आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) काहीच मिळालं नाही म्हणजे. हाताने दिलेला पत्ता असताना हा सहसा येत नाही. म्हणजे बहुधा कुणीतरी कार्डाला हात लावलाय. “दादा, कार्ड बदललं का?” विचारलं, तर पलीकडे थोडी शांतता, मग “हो”.

ते नंतर बघू म्हटलं आणि होस्टवर (मूळ सर्व्हरवर) सगळ्या नेटवर्क इंटरफेसची यादी काढायला लावली. यादीत ब्रिज, म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच, होता, चालू. त्याला जोडलेली व्हर्च्युअल मशीनची तीन टोकं होती, चालू. आणि खाली एक इंटरफेस होता, बंद, नाव ‘ईएनएस१’. मी विचारलं, आधी काय नाव होतं? त्याला आठवेना. ईटीसीखालच्या नेटवर्क फोल्डरातली ‘इंटरफेसेस’ फाइल उघडली. ब्रिजच्या पोर्टपुढे लिहिलेलं होतं ‘ईएनपी१एस०’.

प्रकरणाचा गाभा एवढाच. यंत्रात तेच कार्ड, त्याच खाचेत, त्याच केबलला लागलेलं. अपग्रेडनंतर लिनक्सने त्याचं नाव बदललं होतं.  ब्रिज सुरू होताना ‘ईएनपी१एस०’ शोधू लागला, ते नाव सापडलं नाही, तर त्याच्याशिवायच सुरू झाला. त्यामुळे सर्व्हर आणि तिन्ही मशीन एका बंद खोलीत एकमेकांशी गप्पा मारत होती आणि खोलीला दार नव्हतं. नव्या नावाच्या कार्डाला कुणी ‘चालू हो’ सांगितलंच नव्हतं, म्हणून स्विचवरचा दिवाही लागत नव्हता. केबलचा काही दोष नव्हता.

नाव का बदललं? पूर्वी लिनक्समध्ये कार्डांची नावं ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी असत, आणि सापडण्याच्या क्रमाने पडत. दोन कार्डं असली की कधी अदलाबदलही होई. म्हणून २०१३ मध्ये सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) १९७ व्या आवृत्तीपासून नाव कार्डाच्या जागेवरून द्यायची पद्धत आली, आणि डेबियनने ती आवृत्ती ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, नव्या इन्स्टॉलेशनला लावली. नाव ठरवताना एक उतरंड आहे. मदरबोर्डवरच बसवलेलं कार्ड असेल तर ‘ईएनओ’. ते नाही, पण फर्मवेअरने (यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरने) खाचेला क्रमांक दिला असेल तर ‘ईएनएस’. तोही नसेल तर बसचा (यंत्रातल्या जोडवाटेचा) मार्ग मोजून ‘ईएनपी’. या सर्व्हरच्या फर्मवेअरमध्ये खाचेचा क्रमांक सांगणारी एसीपीआयची (फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमला द्यायच्या माहितीची) एक नोंद पहिल्यापासून होती. डेबियन १२ तिच्याकडे दुर्लक्ष करत असे. १३ मधलं सिस्टमडी २५७ ती वाचतं. क्रमांक मिळाला, उतरंडीत कार्ड एक पायरी वर चढलं, आणि नाव बदललं.

आपल्याकडे जमिनीच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा बांध तिथेच होता, विहीर तिथेच होती, पण जुन्या कागदावरचा नंबर घेऊन तलाठ्याकडे गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येई. इथे तसंच झालं.

आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. डेबियन १३ आलं ९ ऑगस्ट २०२५ ला. त्यासोबतच्या माहितीपत्रकात नेटवर्क इंटरफेसची नावं बदलू शकतात असा इशारा स्पष्ट दिलेला आहे आणि दोन परिस्थिती सांगितल्या आहेत. एक ही, खाचेच्या क्रमांकाची. दुसरी इंटेलच्या आय४०ई ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणाऱ्या कार्डांची. सर्व्हरपर्यंत पोहोचायला नेटवर्काशिवाय दुसरी वाट नसेल तर जपून, हेही तिथे लिहिलं आहे. पोराने ते वाचलं नव्हतं. त्याला बोल लावणं सोपं आहे. पण इंग्रजीतलं ते लांबलचक पत्रक, त्यात आपल्याला लागू पडणारे दोन परिच्छेद, आणि ते लागू पडतात की नाही हे ठरवायला आपल्या यंत्राच्या फर्मवेअरची माहिती हवी, ती कुणी लिहून ठेवलेली नाही. ज्याच्याकडे दिवसभर कॅमेरे आणि प्रिंटरचे फोन येतात त्याच्याकडून एवढी अपेक्षा करायची तर त्याला तेवढा वेळ आणि तेवढे पैसेही द्यायला हवेत. हे मी मालकांनाही सांगितलं. त्यांना फारसं आवडलं नाही.

तात्पुरती दुरुस्ती दोन ओळींची होती. ‘ईएनएस१’ ला ब्रिजमध्ये जोड, आणि त्याला चालू कर. दोन्ही आज्ञा मी अक्षर-अक्षर सांगितल्या, त्याने टाइप केल्या, आणि स्विचवरचा दिवा लागला. एकही मशीन रीबूट न करता फाइलींचं आणि कॅमेऱ्यांचं मशीन नेटवर्कवर परतलं. रात्रभराचं रेकॉर्डिंग मात्र गेलं ते गेलंच.

पावती अजूनही निघत नव्हती. आता जे उरलं होतं ते अपग्रेडमुळे झालेलं नव्हतं, ते दुरुस्तीमुळे झालेलं होतं.

विंडोजमध्ये हाताने दिलेला पत्ता त्या-त्या कार्डाच्या नावे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) राहतो. व्हर्टिओ कार्ड काढून ई१०००ई लावलं की विंडोजच्या दृष्टीने ते दुसरंच कार्ड, त्याला कोरी सेटिंग. जुन्याची सेटिंग कुठे जात नाही, पण वापरातही राहत नाही. पोराने नव्या कार्डाला तोच जुना पत्ता द्यायचा प्रयत्न केला होता तेव्हा विंडोजने हटकलं होतं की हा पत्ता आधीच दुसऱ्या एका कार्डाला दिलेला आहे, जे आता यंत्रात नाही. तो घाबरून मागे फिरला होता. त्यात भर म्हणजे काट्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स कार्डाच्या मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं होतं. नव्या कार्डाला लिबव्हर्टने ५२:५४:०० ने सुरू होणारा नवा मॅक देऊन टाकला होता. म्हणजे पत्ता जमवला असता तरी सॉफ्टवेअर उघडलं नसतं.

मॅक आणि पत्ता हाताने बसवायचं डोक्यात आलं होतं. पण मग विंडोजमध्ये दोन कार्डांची भुतं राहिली असती, आणि पुढच्या वेळी कोण कशाला हात लावेल याचा नेम नाही. जुनं कार्ड जसंच्या तसं परत आणणं जास्त शहाणपणाचं. सुदैवाने या सर्व्हरच्या ईटीसी फोल्डराची प्रत रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर जाते. त्यात त्या मशीनची अपग्रेडच्या आधीची एक्सएमएल फाइल मिळाली. कार्डाचा प्रकार, मॅक पत्ता आणि, जे बहुतेक जण विसरतात ते, पीसीआयवरची (कार्ड जोडण्याच्या मार्गावरची) जागा, या तिन्ही गोष्टी तिच्यातून उचलून जशाच्या तशा परत ठेवल्या. जागा बदलली तर मॅक तोच असूनही विंडोज नवंच कार्ड समजू शकतं. मग विंडोज आतून रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करून परत चालू केलं. आतून रीस्टार्ट केल्यावर लिबव्हर्ट बदललेली फाइल वाचत नाही, तेच चालू मशीन पुढे रेटतं; इथे अनेक जण तासभर डोकं आपटतात. विंडोज उठलं ते जुन्या पत्त्यासह. काट्याचं सॉफ्टवेअर उघडलं. ई१०००ई चं भूत नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून काढून टाकलं. दिवाणजींनी वहीतल्या नोंदी डेटाबेसमध्ये भरायला दुपार घेतली.

विंडोजवर हाच प्रकार एकदा खुद्द अपडेटने घडवलेला आहे. मार्च २०१८ मध्ये विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ साठी आलेल्या मासिक अपडेटनंतर नेटवर्क कार्डाच्या जागी कोऱ्या सेटिंगचं नवंच कार्ड उभं राहायचं आणि हाताने दिलेले पत्ते जायचे. मायक्रोसॉफ्टने स्वतःच ते मान्य केलं होतं, आणि जुनी सेटिंग रजिस्ट्रीत असते पण वापरली जात नाही, हेही नोंदवलं होतं. व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरची व्हीएमएक्सनेट३ कार्डं वापरणाऱ्यांना याचा चटका विशेष बसला. उतारा म्हणून केबी ४०९९९५० हे अपडेट आलं, पण ते मूळ अपडेटच्या आधी बसवायला हवं, नंतर बसवून उपयोग नाही. माझ्या मते अशा बिघाडांचा स्वभाव हाच. इलाज आधी केला तर पाच मिनिटांचा, नंतर केला तर प्रत्येक यंत्रापाशी जाऊन बसायचं.

कायमच्या दुरुस्तीसाठी ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये नवं नाव लिहून मोकळं होता आलं असतं. पण डेबियन १४ किंवा फर्मवेअरच्या एखाद्या अपडेटने ते पुन्हा बदललं तर पुन्हा हाच खेळ. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सगळ्या कार्डांची जुनी ‘ईटीएच’ नावं ठेवायला सांगणारा पर्याय आहे. एकच कार्ड असेल तर तो चालतो. उद्या दुसरं कार्ड टाकलं की २०१३ च्या आधीचं दुखणं परत. तिसरी वाट नाव देण्याचे नियम जुन्या सिस्टमडीच्या, २५२ च्या, पद्धतीवर गोठवण्याची. ती वाईट नाही, पण कर्नलचा ड्रायव्हर बदलल्यामुळे नाव बदलत असेल तर ती पुरत नाही.

आम्ही सिस्टमडीची ‘लिंक’ फाइल केली. कार्डाच्या कायमस्वरूपी मॅक पत्त्यावर बोट ठेवून सांगायचं की याचं नाव हेच. नाव ठेवलं ‘लॅन’ आणि पुढे शून्य. ‘ईटीएच’, ‘ईएनपी’ अशी सुरुवात मुद्दाम टाळली, म्हणजे लिनक्सने आपण होऊन दिलेल्या नावाशी टक्कर होत नाही. ‘कायमस्वरूपी’ मॅक म्हणण्याला कारण आहे: ब्रिजला कधी कधी पोर्टचाच मॅक मिळतो, आणि नुसत्या मॅकवर नेम धरला तर नियम ब्रिजलाही लागू पडू शकतो. मग ब्रिजच्या सेटिंगमध्ये नवं नाव लिहिलं आणि इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) पुन्हा बनवलं, कारण बूटच्या सुरुवातीलाच ही फाइल तिथे हवी असते. संध्याकाळी काटा बंद झाल्यावर, पोरगा मॉनिटरसमोर बसलेला असताना, रीबूट केलं. उठलं ते बरोबर नावाने.

मालकांचा प्रश्न होता, मग अपग्रेड करायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर तारखांत आहे. डेबियन १२ ला नेहमीचे सुरक्षा अपडेट जून २०२६ पर्यंत मिळणार आहेत, आणि त्यानंतर दीर्घ मुदतीचा आधार जून २०२८ पर्यंत. म्हणजे ऐन खरेदीत घाई करण्याचं काहीच कारण नव्हतं. अपग्रेड टाळायचं म्हणून नव्हे, तर गेटवर ट्रॉल्या उभ्या नसतील अशा महिन्यात करायचं म्हणून. जिनिंगला तसे महिने भरपूर आहेत.

त्याच मालकांची जळगाव एमआयडीसीत डाळ मिल आहे. तिथे अशाच मांडणीचा दुसरा सर्व्हर आहे, अजून डेबियन १२ वर. अपग्रेड झाल्यावर आणि रीबूटच्या आधी यूडेव्हअॅडम या सिस्टमडीसोबत येणाऱ्या आज्ञेच्या एका चाचणीने नवं सिस्टमडी कार्डाला काय नाव देईल ते कळतं, आणि जिनिंगमधला बिघाड त्या चाचणीत आदल्या रात्रीच दिसला असता. पण डाळ मिलमधलं कार्ड आय४०ई ड्रायव्हरचं आहे. तिथलं नाव नव्या कर्नलमुळे बदलतं, आणि तो कर्नल रीबूट झाल्याशिवाय चालूच होत नाही, म्हणून ती चाचणी तिथे सगळं ठीक असल्याचं सांगेल. तिथली लिंक फाइल आताच करून ठेवली आहे. सर्व्हरशेजारी एक जुना मॉनिटर आणि कीबोर्ड कायमचा लावला आहे. अपग्रेड आखाजीनंतर, दिवसा.